घरातील युद्धकथेचा दावा कसा तपासावा आणि कुठे मांडावा

इंदूरमधील जुन्या मराठी घरांत एखादी तरी युद्धकथा असतेच. कोणाचे पूर्वज महिदपूरला होळकरांच्या तोफखान्यावर होते, कोणाचे पणजोबा पहिल्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आले, कोणाच्या काकांनी १९७१ साली पूर्वेकडच्या आघाडीवर दिवस काढले. कथा प्रत्यक्ष सांगणारी पिढी गेली की कुटुंबाकडे दोन गोष्टी उरतात: काही मिळायचे राहून गेले अशी रुखरुख, आणि पूर्वजाच्या नावाविषयीचा अभिमान किंवा कुजबुज. अशा कथेची छाननी कशी करावी, त्यातील कोणता भाग कोणत्या कार्यालयात न्यावा आणि जो भाग कोणत्याच कार्यालयात सुटत नाही त्याचे काय करावे, हे येथे इंदूरच्या वाचकांना समोर ठेवून सांगितले आहे.

पहिले काम म्हणजे हक्काचा दावा आणि नावाचा दावा वेगळे करणे. निवृत्तिवेतन, जमीन, अनुदान किंवा पदक मागणे हा हक्काचा दावा होय; त्याला नियम असतात, मुदत असते, अर्ज घेणारा अधिकारी असतो. पूर्वज शूर होता, तो पळाला नाही, त्याने फितुरी केली नाही, हा नावाचा दावा होय आणि त्यावर शिक्का मारून देणारे कार्यालय कोठेही नाही. हे दोन्ही एकाच अर्जात कोंबले की अधिकारी अर्ज बाजूला ठेवतो आणि घरातली माणसे ‘सरकारने आमच्या आजोबांचा मान ठेवला नाही’ म्हणून दुखावतात. माळव्यातलेच उदाहरण घ्यावे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्या तहाच्या बाराव्या कलमाने होळकरांचा सरदार गफूरखान याच्या ताब्यातील जावऱ्याचा मुलूख त्याच्याकडे कायम झाला, म्हणजे त्याचा हक्काचा दावा लढाईनंतर तीन आठवड्यांच्या आत मिटला. त्याने महिदपूरला फितुरी केली की नाही, या प्रश्नाची चर्चा मात्र माळव्यात दोनशे वर्षे चालू आहे.

कथेचे तीन तुकडे

कथा हाती आली की तिचे तीन भाग करावेत: चाकरी, हजेरी आणि पराक्रम. पूर्वज फौजेत होता का, त्या विशिष्ट लढाईच्या वेळी त्या ठिकाणी होता का, आणि तेथे त्याने सांगितले जाते ते केले का, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जागी मिळतो. चाकरी पगाराच्या यादीवरून, सनदेवरून किंवा डिस्चार्ज बुकावरून, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या पुस्तिकेवरून, सिद्ध होते. हजेरी पलटणीच्या हालचालींच्या नोंदीवरून आणि मोहिमेच्या पदकावरून कळते. पराक्रमाला मात्र त्या काळी कोणीतरी वरिष्ठाने लिहून ठेवलेली शिफारस, राजपत्रातील घोषणा किंवा निदान कुटुंबाबाहेरच्या माणसाची साक्ष लागते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक कथांमध्ये चाकरी खरी असते, हजेरी बरेचदा खरी असते आणि पराक्रमाचा भाग सांगणाऱ्यांच्या तोंडी वाढत गेलेला असतो. वाढलेला भाग उघडकीस आला म्हणून चाकरीही खोटी ठरवणे हा जितका अन्याय, तितकाच चाकरी खरी म्हणून सगळेच खरे मानणे हा भोळेपणा होय.

स्वतंत्र भारतातील पदके या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांची रचनाच या तीन प्रश्नांना धरून आहे. १९६५ च्या युद्धासाठी रक्षा पदक त्या काळात सेवेत असलेल्यांना व्यापक प्रमाणावर दिले गेले, तर समर सेवा स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील सेवेसाठी होता. १९७१ साठी संग्राम पदक सर्वसाधारण स्वरूपाचे होते. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार त्या त्या आघाडीवरील सेवेसाठी होते. ही सगळी हजेरीची पदके आहेत. पराक्रमाची पदके म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. ती २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आली. त्यांच्या विजेत्यांची नावे भारताच्या राजपत्रात छापली जातात आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. म्हणून घरात संग्राम पदक असेल आणि कथा वीर चक्राची असेल, तर वाद घालत न बसता राजपत्र पाहावे. पदकाच्या कडेवर सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरलेले असते. ते भिंगातून वाचून लिहून घ्यावे. पदक चिंचेने किंवा पावडरीने घासू नये, कारण झिजते ती नेमकी हीच अक्षरे.

घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती घेताना त्यांना पराक्रमाबद्दल आधी विचारू नये. पगार कोठून येई, मनिऑर्डर कोणत्या पोस्टात येई, सुटीवर आले की कोणत्या स्टेशनावर उतरत, पलटणीत जेवण कसले मिळे, सोबत गावातले आणखी कोण होते, असे प्रश्न आधी विचारावेत. अशा तपशिलांत कोणाला काही सिद्ध करायचे नसते, म्हणून ते टिकतात आणि पुढे कागदाशी ताडून पाहता येतात. उत्तर देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते आणि तारीख घालून ते जसेच्या तसे लिहून ठेवावे.

कागद कोणासाठी लिहिला होता

होळकरशाहीपर्यंत मागे जाणाऱ्या कथांसाठी घरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडावा लागतो आणि त्यात बहुधा मोडी कागद निघतात. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि त्यावर त्याची सही व तारीख घ्यावी. अर्ज मध्य प्रदेशातील कार्यालयात जाणार असेल तर लिप्यंतरासोबत हिंदी भाषांतरही जोडावे, कारण मराठी कागद समोर आल्यावर तो कोणी वाचेल असे गृहीत धरता येत नाही. कालगणनेकडे विशेष लक्ष द्यावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. मराठेशाहीच्या कागदांत आढळणाऱ्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि त्याचे वर्ष मृगापासून बदलते. पानिपतच्या वेळी सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१ चालू होता आणि लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणून तेथे ६०० मिळवायचे. एका वर्षाच्या चुकीने पूर्वज लढाईनंतर फौजेत दाखल झाल्यासारखा दिसतो आणि खरा दावा खोटा ठरतो.

कागद वाचल्यावर तो कोणी, कोणाला, कधी आणि काय मिळवण्यासाठी लिहिला, हे चार प्रश्न विचारावेत. पगाराची यादी लिहिणाऱ्या कारकुनाला शौर्याशी कर्तव्य नसते, म्हणून त्याच्या ओळीला वजन आहे. याउलट कैफियत, म्हणजे घराण्याने सरकारला लिहून दिलेला आपला वृत्तांत, हा मुळातच दाव्याचा कागद आहे. १८१८ नंतर नव्या इंग्रज सरकारने इनामे आणि सरंजाम यांची चौकशी मांडली, तेव्हा अनेक घराण्यांनी आपल्या सेवेचा वृत्तांत लिहून दिला; त्या वृत्तांतात पूर्वज प्रत्येक मोहिमेत आघाडीवर असणे स्वाभाविक होते, कारण गाव राखायचे होते. कैफियत टाकाऊ असते असा याचा अर्थ घेऊ नये. तिच्यातील नावे, गावे आणि वंशावळ बरेचदा भरवशाची असते. विशेषणे तेवढी बाजूला काढावीत.

हा नियम मोठ्यांनाही लागू पडतो, आणि इंदूरमध्ये त्याचे सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण म्हणजे दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी कर्नल हेन्री ड्युरँड यांच्यातील वाद होय. १ जुलै १८५७ रोजी सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला. रजेवर गेलेल्या सर रॉबर्ट हॅमिल्टन यांच्या जागी ड्युरँड तेव्हा काम पाहत होता; तो रेसिडेन्सी सोडून सीहोरकडे निघून गेला. हल्ला करणाऱ्यांत रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी पाठवलेले होळकरांचेच सैनिक होते, म्हणून महाराजांची फूस होती असा ड्युरँडचा आरोप होता. दरबाराचे म्हणणे असे की फौज हाताबाहेर गेली होती, महाराजांनी ख्रिस्ती कुटुंबांना वाड्यात आसरा दिला आणि बंडवाल्यांनी मागणी करूनही त्यांना स्वाधीन केले नाही. हॅमिल्टन परत आल्यावर त्यांनी होळकरांची बाजू घेतली. तरीही युद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना मुलुखाच्या रूपाने बक्षीस मिळाले आणि होळकरांना तसे मिळाले नाही, हे शल्य तुकोजीरावांना १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. पुढे ड्युरँडच्या मुलाने वडिलांचे चरित्र लिहून त्यांची बाजू मांडली.

या प्रकरणात आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी आहेत. ड्युरँडलाही स्वतःच्या नावाची काळजी होती: रेसिडेन्सी सोडणे योग्य ठरायचे असेल तर होळकर फितूर असणे त्याला सोयीचे होते. मुलाने बापाची बाजू मांडणे नैसर्गिक आहे, मात्र त्यामुळे साक्षीदार वाढत नाही. मुलाच्या पुस्तकात बापाचीच साक्ष पुन्हा येते, आणि घरातील ‘आमचे आजोबा सांगत, वडीलही सांगत’ या वाक्याचे मोल याच हिशोबाने करावे. तिसरी गोष्ट अशी की महूच्या किल्ल्यात असलेला कॅप्टन हंगरफोर्ड आणि होळकर दरबार यांच्यात त्याच जुलै महिन्यात पत्रव्यवहार झाला होता, आणि कोण जिंकणार हे ठरलेले नसताना लिहिलेले असे कागद नंतरच्या सर्व समर्थनांपेक्षा अधिक तोलाचे असतात. आपल्या घरातील कागदांतही निकाल लागण्यापूर्वीचे पत्र शोधावे.

याला एक पोटनियम जोडणे भाग आहे. काळ बदलला की दाव्याची दिशा उलटते. १८५८ मध्ये आपण बंडात नव्हतो हे सिद्ध करण्यासाठी लोक साक्षीदार आणत होते. १९४७ नंतर त्यांच्याच वंशजांना पूर्वज बंडात होता हे सिद्ध करायचे असते. रेसिडेन्सीवरील हल्ल्याचा म्होरक्या म्हणून ज्या सआदत खाँला १८७४ मध्ये इंदुरात फाशी दिली, तो आज हुतात्मा म्हणून गौरवला जातो. त्यामुळे १८५८ चा निरपराधित्वाचा कागद आज उलट अर्थाने वापरताना, तो त्या वेळी फासावरून वाचण्यासाठी लिहिलेला असू शकतो आणि खराही असू शकतो, या दोन्ही शक्यता नोंदवाव्यात. १८५७ वरून आज कोणतेही निवृत्तिवेतन मिळत नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासूनची स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजना प्रत्यक्ष कारावास किंवा तत्सम हालअपेष्टा सोसलेल्यांसाठी आणि त्यांच्या निकटच्या आश्रितांसाठी आहे. म्हणून १८५७ चा दावा हा निव्वळ नावाचा दावा समजून चालावे.

संस्थानी काळातील कागद घराबाहेर शोधायचे असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आधी पाहावे. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या सेंट्रल इंडिया एजन्सी या इंग्रज यंत्रणेचे मुख्यालय इंदुरात होते, त्यामुळे एजन्सीचा पत्रव्यवहार आपल्या कामाचा आहे. सीतामऊ येथील श्री नटनागर शोध संस्थान इंदूरहून दिवसभरात जाऊन येण्यासारखे आहे. पेशवे दप्तरासाठी पुणे पुरालेखागाराला पर्याय नाही.

पेन्शन नव्हती, म्हणून काय?

महायुद्धांच्या बाबतीत एक समजूत इतक्या घरांत ऐकू येते की तिच्यासाठी थोडे थांबावे लागेल. ‘आजोबांना पेन्शन नव्हती, म्हणजे ते पळून आले असणार किंवा काढून टाकले असणार’, ही ती समजूत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सेना सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि युद्ध संपताच त्यातील बहुसंख्यांना घरी पाठवण्यात आले. शिपायाला सेवेचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. चार-पाच वर्षे लढून परतलेल्याला काही रक्कम हातावर मिळाली आणि तो मोकळा झाला. डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीचे कारण आणि वर्तणुकीचा शेरा हे दोन स्वतंत्र रकाने असतात. ‘गरज उरली नाही’ अशा अर्थाचे कारण आणि ‘चांगले’ किंवा ‘अनुकरणीय’ असा शेरा आढळला, तर पळून आल्याची कुजबुज तेथेच संपते. सेवामुक्ती आणि बडतर्फी या वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शब्द नीट न वाचता घरातल्या घरात निकाल देऊ नये.

दुसरी चूक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीबाबत होते. या यादीत नाव सापडले नाही म्हणून आजोबा युद्धात नव्हते असा निष्कर्ष काढला जातो. ही यादी मृतांची आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मरण पावलेल्यांची. जिवंत परतलेला माणूस तेथे असणारच नाही.

संस्थानी फौजांचे वेगळे आहे. इंदूर संस्थानाने पहिल्या महायुद्धात वाहतूक दल दिले होते. त्यामुळे पणजोबा ‘लढाईवर’ होते हे खरे असूनही त्यांच्या हाती बंदुकीऐवजी खेचरांच्या गाडीचा लगाम असण्याची शक्यता मोठी आहे. कुटुंबाला ते कमीपणाचे वाटू नये. दारूगोळा आणि शिधा पोहोचवणाऱ्यांवरही तोफा चालतच होत्या. २८ मे १९४८ रोजी इंदूर-ग्वाल्हेरसह संस्थानांचा मध्य भारत संघ स्थापन झाला आणि पुढे संस्थानी पलटणींचे भारतीय सेनेत विलीनीकरण झाले. इंदूरची पायदळ पलटण १५ कुमाऊँ झाली आणि ग्वाल्हेरची पलटण १४ कुमाऊँ, जी पुढे यांत्रिकी पायदळात गेली. म्हणून होळकरांच्या पलटणीतून विलीन झालेल्या शिपायाचा माग काढायला महूला न जाता कुमाऊँ रेजिमेंटच्या रानीखेत येथील अभिलेख कार्यालयाला लिहावे.

स्वतंत्र भारतातील सैनिक : कोणते दार ठोठवावे

महू जवळ आहे म्हणून इंदूरची माणसे आधी तिकडे धावतात. महूच्या बहुतेक संस्था प्रशिक्षणाच्या आहेत. शिपायाच्या नोंदी त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, सिग्नल्सच्या जबलपूरला, तोफखान्याच्या नाशिक रोडला, ईएमईच्या, म्हणजे विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या कोअरच्या, सिकंदराबादला. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीत सेना मुख्यालयात ठेवल्या जातात. इंदूरमध्ये पहिली पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. कोणता अर्ज कोणाकडे जाईल हे तेथे कळते आणि अनेक अर्जांवर त्यांची शिफारसही लागते.

सेवाक्रमांक माहीत असेल तर काम सोपे होते. नसेल तर नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीचे अंदाजे वर्ष आणि पलटण लिहावी. मराठी नावांची येथे विशेष अडचण होते: घरात ‘दत्तू’, शाळेत ‘दत्तात्रय’, पलटणीत आडनाव गाळून ‘दत्ता राव’, असे एकाच माणसाचे तीन अवतार आढळतात. सर्व शक्य रूपे अर्जात द्यावीत. विधवेच्या नावात फरक असेल तर तो पार्ट टू ऑर्डर (सेवेतील व कुटुंबातील बदलांची लष्करी नोंद) आणि पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) यांच्या पातळीवर दुरुस्त करून घ्यावा लागतो. आधार कार्ड बदलून भागत नाही. आता संरक्षण निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आणि प्रयागराजच्या कार्यालयामार्फत चालते, आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने तेथे खाते अडकू शकते.

अभिलेख कार्यालय उत्तर देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. अर्जात ‘माझ्या आजोबांवर अन्याय का झाला’ असे विचारू नये. सेवापत्रक, लाँग रोल (शिपायांच्या नोंदींची कायमची वही), वैद्यकीय मंडळाची कार्यवाही आणि पदकांची पात्रता यांच्या प्रती मागाव्यात. निवृत्तिवेतन नसलेल्या शिपायाची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, त्यामुळे ‘कागद उपलब्ध नाहीत’ हे उत्तर खरे असू शकते. लाँग रोल मात्र राखला जातो, म्हणून तो नाव घेऊन मागावा.

मृत्यू किंवा अपंगत्वाच्या दाव्यात सगळे काही वर्गवारीवर अवलंबून असते. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने कारणांचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले, आणि लढाईतील हानी व सेवेतील इतर हानी यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनात मोठा फरक पडतो. अर्जात ‘शहीद’ लिहून काही साधत नाही, कारण तो अधिकृत वर्ग नाही. चौकशी न्यायालयाच्या कागदात आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये कोणता वर्ग लिहिला आहे ते पाहावे आणि हरकत असेल तर ती त्या नोंदीवर घ्यावी. अपंगत्व २० टक्के किंवा अधिक असेल तर दावा उभा राहतो. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत न आढळलेला आजार सेवेत जडला, तर तो सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी प्रशासनावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले असल्याने, सैनिक कधी निवृत्त झाला हे आधी पाहावे.

शेवटचे दार सशस्त्र बल न्यायाधिकरणाचे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि मध्य प्रदेशासाठी त्याचे खंडपीठ जबलपूरला आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होतो. निवृत्तिवेतन दर महिन्याला देय असल्यामुळे जुना दावाही उशीर झाला म्हणून सरसकट फेटाळला जात नाही; परंतु थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आहे. ‘तीस वर्षांचे व्याजासकट मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या दलालाला या एका वाक्यावरून ओळखता येते.

सेवाक्रमांक नसलेली माणसे

युद्धात केवळ सैनिक नसतात. हमाल, गाडीवान, भिस्ती, आचारी, कंपाउंडर, रेल्वेचे फायरमन, रस्ते बांधणारे मजूर यांच्या कथा घरात दबक्या आवाजात सांगितल्या जातात, आणि पुढच्या पिढीत हळूच ‘शिपाई’ हा शब्द घुसतो. पहिल्या महायुद्धात मजूर दले आणि तत्सम अनुचरांना ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझमध्ये मिळाले, तर लढणाऱ्या शिपायांना तेच पदक चांदीत होते. घरातील पदक ब्राँझचे असेल, तर त्याला खोटे किंवा हलके न मानता आजोबा नेमके काय करत होते याचा तो उत्तम पुरावा समजावा. अशा नागरिकांचे दावे सशस्त्र बल न्यायाधिकरणात चालत नाहीत. त्यांच्या मूळ खात्याच्या सेवानोंदी, म्हणजे रेल्वे, टपाल किंवा बांधकाम खाते, हाच त्यांचा मार्ग होय.

नागरिकाच्या नावाचे ऋण युद्धानंतर कोणी जाहीरपणे मानले, तर तोही पुरावाच असतो. पानिपतावर पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान या भिस्त्याने वाचवले; महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले आणि मोठ्या पदावर नेले. वरिष्ठाने उघड केलेली ही कृतज्ञता नसती, तर राणेखानाचे नाव आज कोणाला ठाऊक असते असे मला वाटत नाही.

एका समाजाने एकत्रितपणे दावा कसा मांडावा, याचे उदाहरणही महूशी जोडलेले आहे. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, वडील सुभेदार होते. त्यानंतर लवकरच महारांची सैन्यभरती बंद झाली. त्याविरुद्ध १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पूर्वजांनी पलटणींत केलेली सेवा हा त्यांचा आधार होता, आणि कोरेगावच्या स्तंभावरील नावे या मागणीच्या पाठीशी होती. दगडावर कोरलेली, सरकारनेच नोंदवलेली नावे पुढे केल्यावर ‘ही जमात लढाऊ नाही’ असे म्हणणे कठीण होते. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

पळाला, हरवला, फितूर झाला

बदनामीचा निकाल अभिमानापेक्षा अवघड असतो. पानिपतावरून मल्हारराव होळकर आपल्या फौजेसह निघून गेले हे निर्विवाद आहे. दमाजी गायकवाडही निघाले. का निघाले, याबद्दल एक परंपरा सांगते की बायकामाणसांना सुखरूप नेण्याची कामगिरी होती, दुसरी रोहिल्यांचा सरदार नजीबखान याच्याशी असलेल्या जुन्या संधानाकडे बोट दाखवते, आणि लढाई हरल्यावर उरलेली फौज वाचवणे हा अनुभवी सेनापतीचा निर्णय होता असेही म्हणता येते. घरातील अशा प्रकरणात कृती आणि हेतू वेगळे लिहावेत. ‘तो अमुक तारखेला तळावरून निघाला’ हे कागदावरून ठरते. ‘भिऊन निघाला’ हे बहुधा कधीच ठरत नाही, आणि म्हणून ते लिहूही नये.

हरवलेल्या सैनिकाच्या बाबतीत कुटुंबाची दुहेरी ओढाताण होते. सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, हे तत्त्व पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. त्याचा उपयोग वारसाहक्क आणि निवृत्तिवेतन यांसाठी करावा. ‘फरार’ अशी नोंद झाली असेल तर ती आधी रद्द करून घ्यावी लागते, अन्यथा पुढचे सर्व अर्ज तिच्यावर आपटतात. घरातील वृद्धेला मात्र मृत्यू मान्य करण्याचा आग्रह धरू नये. पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानले नाही, आणि भाऊ म्हणवणारा तोतया पुढे आला तेव्हा त्याचा निकाल लागायला १७७६ साल उजाडले. तोतये आजही येतात, अलीकडे फोनवरून. हरवलेल्या माणसाची खबर पैसे मागून देणाऱ्याला पलटणीचे नाव आणि सोबत्यांची नावे आधी विचारावीत.

मृत व्यक्तीची बदनामीही कायद्याच्या कक्षेत येते, जर ती हयातीत त्याच्या लौकिकाला बाधक ठरली असती आणि निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल; भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ पाहावे. तरीही न्यायालयात जाण्यापूर्वी त्याच कलमातील अपवाद वाचावेत, कारण लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि सद्भावनेने केलेली टीका यांना संरक्षण आहे. शिपायाचा गणवेश किंवा खूण लोकांना फसवण्यासाठी वापरणे हा कलम १६८ खाली गुन्हा आहे. नातवाने आजोबांची पदके कार्यक्रमात मिरवण्यापूर्वी ती आजोबांची आहेत हे स्पष्ट दिसेल असे करावे.

दोन घरांचा वाद आणि फलकावरील ओळ

सोसायटीच्या सभागृहात, ज्ञातीच्या मंडळात किंवा शाळेत फलक लावायचा ठरतो, तेव्हा बहुधा दोन घरांचे दावे समोरासमोर येतात: एकाच चौकीवर दोघांचेही आजोबा ‘शेवटपर्यंत’ होते. अशा वेळी दोन्ही घरांकडून चाकरी, हजेरी आणि पराक्रम यांचे पुरावे वेगवेगळ्या पाकिटांत मागवावेत आणि ते दोन्ही घरांशी नाते नसलेल्या, शक्यतो एक माजी सैनिक आणि एक कागद वाचणारा, अशा दोघांना पाहायला द्यावेत. माजी सैनिक एकटा असला तर तो आपल्या पलटणीकडे झुकतो, आणि कागद वाचणाऱ्याला एकट्याला रात्रीच्या गस्तीला किती माणसे जातात हे ठाऊक नसते. दोन्ही घरांची सेवा सिद्ध होत असेल तर दोन्ही नावे सेवेपुरती घ्यावीत आणि चौकीचा उल्लेख गाळावा.

फलकाची भाषा पुराव्याच्या पायरीनुसार ठेवावी. कागद असेल तर नाव, हुद्दा, दल आणि वर्षे. हजेरीचे पदक असेल तर आघाडीचे नाव. राजपत्रात घोषणा असेल तरच पराक्रमाचे पदक. कुटुंबाची कथा मौल्यवान असली तरी कागदाविना असेल, तर ती फलकाऐवजी स्मरणिकेत छापावी आणि तिच्यापुढे ‘घराण्यात असे सांगितले जाते’ हे शब्द घालावेत. या शब्दांना काही कुटुंबे सुरुवातीला विरोध करतात. कथा सांगणाऱ्या आजीचे नाव आणि ती कोणत्या साली सांगितली हे खाली छापले की तो विरोध बहुतेक वेळा मावळतो. निवृत्त अधिकाऱ्याचा हुद्दा नावाआधी लिहायला हरकत नाही, कारण संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने सैनिकी सन्मान वगळले आहेत. शौर्यपदकाची आद्याक्षरेही विजेत्याच्या नावामागे लिहिता येतात.

काम झाल्यावर मूळ कागद घरीच ठेवावेत आणि त्यांच्या स्पष्ट प्रती, लिप्यंतर, भाषांतर, साक्षींची टिपणे व नाकारलेल्या अर्जांची उत्तरे असा एक संच मंडळाच्या कपाटात आणि एक संच एखाद्या संशोधन संस्थेत द्यावा. नकाराची उत्तरे फेकू नयेत, कारण पुढे नियम बदलला किंवा हरवलेली नोंद सापडली, तर अर्ज पहिल्यांदा कधी केला होता हे त्यांच्यावरूनच दाखवता येते.